पलटी दाताळं: दगड वेचून कंटाळल्यावर केलेला उद्योग

आमच्याकडं आटपाडी तालुक्यात टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी यायच्या आधी जी जमीन माळ म्हणून सोडून दिलेली होती, शेरडं चारायला आणि पावसाळ्यात पोरांना पतंग उडवायला, ती सगळी गेल्या काही वर्षांत लोकांनी फोडली. आम्हीपण फोडली. अडीच एकर. पोकलेननं खणली, ट्रॅक्टरनं नांगरली, आणि मग बघतो तर माती कुठाय, सगळे दगडच. बरं हे दगड एकदा वेचले की संपतात अशातला भाग नाही, दरवर्षी नांगरट झाली की नवीन पीक वर येतं. आमचे आबा म्हणतात जमीन दगड वीते. खरं कारण असं की खालचा काळा दगड हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, तो कांद्यासारखा पापुद्रे सुटत सुटत झिजतो, वरचा पापुद्रा मुरूम होतो आणि आतला गड्डा गोल धोंडा म्हणून शाबूत राहतो. नांगराचा फाळ जेवढा खोल जाईल तेवढे गड्डे वर.

पहिल्या वर्षी बायका लावल्या वेचायला. पाट्या भरायच्या, बांधावर टाकायच्या. काळा दगड घनफुटाला 80 किलोच्या घरात जातो, त्यामुळं डोक्याएवढा धोंडा दिसायला एवढासा पण उचलताना कंबर बोलते. चार दिवसांनी त्यांच्यातली एक मावशी म्हणाली, "दादा, खुरपायला बोलवा, कापूस येचायला बोलवा, हितं नगं." आणि तिचं बरोबर होतं.

तेव्हा डोक्यात आलं की दाताळं करायचं. हातातलं असतं तसंच, पण सात फुटी आणि ट्रॅक्टरच्या मागं लावायचं. परदेशात असं तयार मिळतं हे यूट्यूबवर बघितलेलं, तिकडं ते बागेची जमीन सारखी करायला आणि रस्त्याची खडी ओढायला वापरतात. आपल्याला काय, दगड एका ओळीला लागले की झालं. ओळीतनं ट्रॉलीत भरणं सोपं असतं, शेतभर वाकत फिरणं नको.

आता मुद्द्याची गोष्ट. दाताळं सरळ ओढलं तर दगड पुढ्यात साठतात, मग उचलायचं, ढीग सोडायचा, पुढं जायचं. शेतभर ढीग. पण तिरकं केलं, म्हणजे 30 अंशात, की दगड दातांवरनं गडगडत एका कडेला जातात आणि मागं लांबलचक ओळ पडते. पुढच्या फेरीला ती ओळ आणखी बाजूला सरकवायची. फक्त अडचण काय, ट्रॅक्टर वळून उलटा आला की तिरकेपणापण उलटा पाहिजे, नाहीतर आत्ताच डावीकडं सारलेले दगड परत उजवीकडं. वळणावर फाळ उलटे करायच्या पलटी नांगराचं जे आहे तेच. म्हणून मी त्याला पलटी दाताळं म्हणतो. आई फणी म्हणते.

पहिलं मॉडेल साधं होतं. मधे एक उभी पिन, तिच्याभोवती दांडा फिरतो, वर प्लेटीत भोकं, पाहिजे त्या भोकात खिट्टी घालायची. मी हिशेब केला नव्हता, शेतात गेल्यावर कळला. सात फुटी दांडा तिरका केला की त्याची रुंदी सहा फूटच राहते, अडीच एकर म्हणजे साधारण 100 मीटर बाय 100 मीटर, म्हणजे 54 फेऱ्या. म्हणजे 54 वेळा वळणावर ट्रॅक्टर उभा करा, खाली उतरा, खिट्टी काढा. आणि खिट्टी निघत नाही, कारण दातात दगड अडकलेला असतो आणि त्याचा ताण खिट्टीवर असतो, मग घणानं ठोका, मग दांडा ढकला, मग दुसरं भोक जुळवा. अकराव्या फेरीला मी ते तसंच बांधावर सोडून घरी येऊन जेवलो.

ट्रॅक्टर आमचा 45 एचपीचा, पलटी नांगरासाठी मागं डबल पाईपचा डीसी व्हॉल्व, म्हणजे लिव्हरनं तेल या नाहीतर त्या पाईपात सोडणारा, आधीच बसवलेला. मग म्हटलं खिट्टीच्या जागी सिलिंडर टाकू, सीटवर बसून लिव्हर दाबायचा, दांडा फिरला. झालं. इतकं सोपं असतं तर हा लेख एवढा लांब झाला नसता.

आधी दातांचं सांगतो कारण त्यात मी सगळ्यात जास्त येडेपणा केला. दात केले ट्रकच्या कमान पाट्यांचे. भंगारात किलोवर मिळतात, अंगच्या वाकामुळं दाताला हवा तसा बाक आपोआप येतो, आणि दगडाला आदळले तर वाकून परत सरळ होतात. अडीच इंच रुंद पाटा, दोन दातांत दोन इंच फट, असे 19 दात सात फुटात बरोबर बसतात. फट दोन इंच मुद्दाम ठेवली. बारीक गोटा शेतात राहिलेला चांगला असतो, वरनं ऊन अडवतो, ओल टिकते, हे आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा. आपल्याला नको असतो तो फाळ तोडणारा आणि रोटाव्हेटरची पाती खाणारा.

तर हे 19 दात मी सरळ वेल्डिंग केले दांड्याला. नेहमीच्या रॉडनं, मस्त टाके, वरनं ग्राइंडर फिरवून काळा रंग. फोटो स्टेटसला. दुसऱ्या दिवशी शेतात पहिल्या तासात तीन दात गेले, आणि गंमत म्हणजे टाका एकपण सुटला नव्हता, टाक्याच्या कडेला पाटाच काच तडकावी तसा मोडला होता, मोडलेल्या जागी राखाडी दाणे दिसत होते, वाकल्याची खूण नाही. पाट्याचं पोलाद कार्बनवालं, वेल्डिंगनं जिथं तापतं आणि पटकन गार होतं तिथं ते ठिसूळ होतं. हे मला माहीत होतं. माहीत असून केलं, कारण 38 भोकं पाडायचा कंटाळा. आणि पाट्याला भोक पडतच नाही, ड्रिल नुसतं चकाकी आणतं आणि स्वतः जळतं.

गावातल्या लोहारकाकांकडं गेलो. त्यांची भट्टी आता वर्षातनं चार महिने पेटते. मोडका दात हातात घेऊन उलटापालटा केला आणि म्हणाले, "आरं पोरा, पोलादाला चटका देऊ नगं. शेंडा लालभडक कर, राखंत पुरून रातभर ठेव, सकाळी लोण्यावानी भोक पडतंय." तसंच केलं. फक्त वरचा चार इंचाचा शेंडा तापवला, खालचा भाग भट्टीच्या बाहेर, म्हणजे त्याचा स्प्रिंगपणा तसाच. रात्रभर सगळे दात राखेच्या ढिगात उभे, सकाळी काढले तर कोमट होते अजून. आणि खरोखर ड्रिल गेलं, कुरळा कीस काढत. दर दाताला दोन 12 एमएमचे हाय टेन्साईल बोल्ट. आता एखादा दात गेला तर शेतातच पाना लावून बदलतो.

दांडा म्हणजे 100 बाय 100 चा सहा एमएम जाडीचा स्क्वेअर पाईप. मधली पिन पहिल्यांदा 32 एमएमची केलेली, ती ज्यात फिरते तो बुश म्हणून साधा पाईप, आठवड्यात अंडाकृती झाला. मग लेथवर 40 एमएमची ईएन 8 पोलादाची पिन, खालीवर 16 एमएम प्लेट, आणि ग्रीस निपल. ग्रीस निपल विसरू नका. ट्रॅक्टरला जोडायच्या लिंकेजच्या पिना आपल्या ट्रॅक्टरच्या कॅटेगरीप्रमाणं घ्या, खालच्या 22 च्या का 28 च्या ते आधी बघा, मी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर मापं घेतली होती, त्यामुळं परत कापाकापी.

आता सिलिंडर. भूमिती सोपी आहे. मधल्या पिनीपासून 30 सेंटीमीटरवर सिलिंडर जोडायचा कान लावला आणि दांडा दोन्ही बाजूंना 30-30 अंश फिरवायचा असेल तर कान बरोबर 30 सेंटीमीटर सरकतो, म्हणजे 300 एमएम स्ट्रोकचा सिलिंडर. 50 बोअर, म्हणजे आतला व्यास 50 एमएम, आणि 32 चा रॉड घेतला. ट्रॅक्टरचं प्रेशर 150 बारच्या पुढं, 50 बोअरचं क्षेत्रफळ 19.6 चौरस सेंटीमीटर, म्हणजे जवळपास तीन टन रेटा. मी खूश. तीन टन म्हणजे काय चेष्टा आहे का, दगडाची काय बिशाद.

होज, म्हणजे तेलाचे रबरी पाईप, मात्र जुन्या पलटी नांगराचे होते, पडून होते म्हणून लावले. पहिल्या दिवशी सकाळी लिव्हर दाबला, दांडा असा सुळकन फिरला की आबा बांधावरनं उठून जवळ आले. चार फेऱ्या झाल्या, पाचवीला मागच्या टोकाला जमिनीत गाडलेला एक मोठा धोंडा लागला, ट्रॅक्टर सेकंड लो मधेच होता, काही जोरात नव्हता, फट्ट आवाज आला आणि माझ्या पाठीवर गरम तेल. होज फिटिंगमधनं निसटला होता. नशीब पाठीवर जर्किन होतं.

संध्याकाळी खताच्या रिकाम्या पिशवीवर हिशेब मांडला, जो आधी मांडायला पाहिजे होता. दांड्याचं टोक तिरकं असताना पिनीपासून आडवं 93 सेंटीमीटर. सिलिंडरचा कान 30 वर, पण दांडा पूर्ण फिरल्यावर त्याचा कामाचा हात 26 च राहतो. म्हणजे टोकाला दगडानं 500 किलोनं अडवलं तर सिलिंडरवर 500 गुणिले 93 भागिले 26, जवळजवळ 1800 किलो. सिलिंडर ओढला जात असेल तर रॉडच्या बाजूचं क्षेत्रफळ रॉड वजा जाऊन 11.6 च उरतं, म्हणजे आत 155 किलो दर चौरस सेंटीमीटरला. हे नुसत्या 500 किलोला. ट्रॅक्टर चालता चालता अचानक आदळला तर दीड टनाचा दणका सहज, म्हणजे साडेचारशेच्या वर. आणि लिव्हर मधे असताना डीसी व्हॉल्व बंद, तेलाला जायला जागाच नाही. प्रेशर जास्त झालं की तेल सोडून देणारा ट्रॅक्टरचा रिलीफ व्हॉल्व पंपाच्या बाजूला, तो इकडचं वाचवत नाही. तीन टन रेट्याचा अभिमान तिथंच गळाला. सिलिंडर हलवायला असतो हो, धरून ठेवायला लोखंड पाहिजे.

मग दोन्ही बाजूंना स्टॉपर लावले, 20 एमएम प्लेटीचे, दांडा पूर्ण फिरला की त्यावर टेकतो आणि दगडाचा मार सरळ सांगाड्यावर जातो. नवीन होज घेतले, दोन तारांच्या जाळीचे. फिटिंगला टेफ्लॉन टेप लावू नका, तुकडा तुटून आत गेला तर व्हॉल्वमधे अडकतो, रबराची कडा असलेला डाऊटी वॉशर लावा. आणि होज लावायच्या आधी आतनं डिझेलनं धुऊन हवेनं फुंका, कारण आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचं आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं, कापताना राहिलेला रबराचा-लोखंडाचा चुरा थेट त्यात जातो.

स्टॉपरनं काम झालं असं वाटलं. पंधरा दिवस छान चाललं. मग एकदा दगड मागच्या टोकाला न लागता पुढच्या टोकाला लागला. आता विचार करा, मागच्या टोकाला लागला तर दांडा आणखी फिरायला बघतो आणि स्टॉपरवर टेकतो. पुढच्या टोकाला लागला तर दांडा उलटा सरळ व्हायला बघतो, स्टॉपरपासनं लांब. तिथं परत सगळा भार एकट्या सिलिंडरवर. या वेळी होज टिकला, आणि सिलिंडरचा कान दांड्यावरनं टाक्यासकट उपटून आला.

कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो, क्रॉस रिलीफ व्हॉल्व घ्यायला. हा असा ब्लॉक असतो की एका पाईपात प्रेशर ठरावीक आकड्याच्या वर गेलं की तेल दुसऱ्या पाईपात सोडतो, दांडा मागं सरतो, मोडत नाही. दुकानातल्या माणसानं विचारलं कशाला पाहिजे, मी मोबाईलमधला फोटो दाखवला. तो म्हणाला, "भावा, एक सिलिंडर हाय न्हवं? मग ह्यो एकाच बाजूला चालंल." मला कळेना. मग त्यानं बिलाच्या मागं काढून दाखवलं. सिलिंडरच्या बुडाकडनं तेल जास्त निघतं, रॉडच्या बाजूला रॉडनं जागा खाल्लेली, तिथं तेवढं मावत नाही. बुडाकडचं तेल रॉडच्या बाजूला ढकलायचं म्हणजे लिटरच्या बाटलीतलं तेल अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतायचं. उलट दिशेला गेलं तर जागा जास्त आणि तेल कमी, मग आत पोकळी. उपाय म्हणाला, दोन सिलिंडर घे, एक डावीकडं एक उजवीकडं, आणि पाईप फुलीत जोड, एकाचं बूड दुसऱ्याच्या रॉडच्या बाजूला. मग दोन्ही पाईपांत तेल सारखंच, दोन्हीकडं बूड अधिक रॉड मिळून 31.2 चौरस सेंटीमीटर.

खरं सांगतो, त्या माणसाचे पाय धरावेसे वाटले. मी दुसरी दोन दुकानं आधी फिरून आलो होतो आणि दोन्हीकडं ब्लॉक द्यायला तयार होते, पैसे घेऊन.

दोन सिलिंडर झाले म्हणजे प्रेशर पण कमी पुरतं. ब्लॉक 60 बारवर लावून घेतला. बार म्हणजे मोटामोटी एक किलो दर चौरस सेंटीमीटरला, तर 31.2 गुणिले 60, म्हणजे 1870 च्या आसपास, आणि तो मघाचा 93 आणि 26 चा हिशेब उलटा लावला की पुढच्या टोकाला सव्वापाचशे किलो बसले की दांडा आपणहून मागं सरकतो. सीटवर बसून दिसतं ते, धोंड्याला लागला की एक टोक शांतपणे मागं जातं, धोंडा सुटतो, मी लिव्हर दाबून परत तिरका करतो. पूर्वी ज्या जागी काहीतरी मोडायचं तिथं आता नुसता सुस्स असा आवाज येतो.

बाकीच्या फुटकळ गोष्टी. मागं दोन चाकं लावली म्हणजे दात मातीत किती जातील ते ठरवता येतं, पहिली हवेची लावली होती, बाभळीच्या काट्यांनी दोन दिवसात पंक्चर, आता जुन्या पेरणी यंत्राची लोखंडी आहेत. लिफ्टचा ड्राफ्टचा लिव्हर बंद ठेवून पोझिशनवर चालवा, नाहीतर दगड लागला की लिफ्ट आपोआप उचलते आणि मधेच जमिनीचा पट्टा सुटतो. उन्हात उभं राहिलं की होजमधलं तेल तापून कपलर आत जातच नाही, इंजिन बंद करून लिव्हर दोनदा मागंपुढं करा, प्रेशर उतरतं. आणि गळती शोधायला हात फिरवू नका. अगदी बारीक छिद्रातनं येणारं तेल कातडीतनं आत शिरतं, टोचल्यासारखं वाटतं आणि माणूस दुर्लक्ष करतो, त्यात बोट गमवावं लागू शकतं. पुठ्ठ्याचा तुकडा धरा, डाग पडला की कळतं. असं काही झालंच तर लगेच दवाखाना, घरी हळद लावत बसू नका.

सगळं मिळून वजन सव्वादोनशे किलोच्या वर गेलं दोन सिलिंडरमुळं, खर्च हातची मजुरी सोडून 38 हजारांच्या आसपास, त्यात मोडलेल्याचे आणि चुकीच्या मापाचे सहा-सात हजार धरलेत. अडीच एकर दीड दिवसात होतं. पण हे सगळंच उचलतं असं नाही, गाडलेला मोठा धोंडा पहारीनंच काढावा लागतो, आणि जमीन ओली असेल तर दातात चिखलाचे लाडू होतात, वाफसा गेल्यावर कोरड्यातच चालवायचं. सहा-सात फेऱ्यांची एक ओळ करून ट्रॉलीत भरतो, त्यातनं खालच्या अंगाला 60 फूट ताल, म्हणजे दगडी बांध, घातली आहे, पहिल्या पावसात तिच्यामागं जी माती अडली ती बघायला आबा रोज जातात.

गेल्या महिन्यात तात्या, म्हणजे आमचे चुलते, चार दिवस नेतो म्हणून घेऊन गेले. आणून सोडलं तर एक कान वाकलेला. मी विचारलं काय झालं, तर म्हणाले काही नाही, "जरा जोर कमी वाटत हुता म्हणून त्यो ब्लॉकवरचा स्क्रू दोन आटं आवळला." आता त्या स्क्रूला मी तार ओवून शिशाचं सील मारलंय, लाईटच्या मीटरला असतं तसलं.